दोन त्रिकोण, एकच माप : मिग-२१ आणि मिराज २००० बांधताना

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ साली भारतीय हवाई दलात ते आलं तेही चंदीगडलाच. त्या रात्री मी दोन गोष्टींची ऑर्डर दिली : १/७२ मापातलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, मिग-२१ बिसचं (या सोव्हिएत लढाऊ विमानाची पुढची आवृत्ती) कीट देशातल्याच एका दुकानातून, आणि त्याच मापातलं मिराज २००० या फ्रेंच लढाऊ विमानाचं कीट परदेशातून. दोन्ही विमानं एकाच फळीवर शेजारी ठेवायची आणि दोन्हींच्या रचनेत नेमका फरक काय ते हाताने समजून घ्यायचं, एवढाच बेत होता. काम मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपलं. पहिल्यांदाच जेटचं मॉडेल करायला बसणाऱ्याला जे आधी कुणी सांगत नाही ते इथे लिहून ठेवतो.

मापाचं आधी. १/४८ मध्ये कॉकपिट छान दिसतं, पण तुलना करायची असेल तर १/७२ बरं. कीटं जास्त मिळतात, जागा कमी लागते, आणि एकाच ए-फोर कागदावर दोन विमानांचे पंख गिरवता येतात. काहीही ठरवा, दोन्ही एकाच मापात घ्या. एक १/७२ आणि दुसरं १/४८ घेतलं की डोळा फसतो आणि तुलनेचा सगळा खेळ संपतो.

मिगचं कीट सहा दिवसांत आलं, १,८५० रुपये. मिराजला सदतीस दिवस लागले. किंमत ३,४०० आणि टपालखर्च १,१५०. बाविसाव्या दिवशी ट्रॅकिंग 'कस्टमकडे' या ओळीवर अडकलं आणि चार दिवसांनी पत्र आलं : वस्तू काय आहे, कशासाठी आहे, किती पैसे भरले याचे पुरावे द्या. पाठवणाऱ्याने पार्सलवर नुसतं 'टॉय' लिहिलं होतं. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांना २०२१ पासून गुणवत्तेच्या मानकांचे नियम आहेत, त्यामुळे त्या एका शब्दावर प्रश्न निघू शकतो. मी चार कागद पाठवले : दुकानाचं बिल, कार्डाच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट, ओळखपत्राची प्रत, आणि 'प्रौढांसाठीचं, न जोडलेलं प्लॅस्टिक मॉडेल कीट, एक नग, स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही' असं अर्ध्या पानाचं पत्र. नऊ दिवसांनी पार्सल सुटलं. १,४२० रुपये ड्युटी दारात पोस्टमनकडे भरली, पावती घेतली. ऑर्डर देतानाच दुकानाला निरोप लिहा की बाहेर 'प्लॅस्टिक मॉडेल कीट' लिहा आणि खरी किंमत लिहा. किंमत कमी दाखवायला सांगू नका, बिल मागितल्यावर तोंडघशी पडाल. आणि बाहेरून रंग मागवूच नका. सॉल्व्हंटवाले रंग आणि स्प्रेचे डबे ज्वलनशील म्हणून विमानाने येत नाहीत, आणि एका बाटलीपायी अख्खं पार्सल परत जाऊ शकतं. रंग इथेच घ्या.

वाट पाहण्याचे हे दिवस फोटो जमवण्यात घालवावेत. इथे एक सावधगिरी. चौकात किंवा संस्थेच्या आवारात चौथऱ्यावर उभ्या केलेल्या मिगांवरून रंग आणि बारकावे घेऊ नका. त्यांच्यावर भिंतीच्या रंगाचे चार-पाच हात चढलेले असतात, अँटेना काढलेल्या असतात, आणि पक्षी घरटी करू नयेत म्हणून हवा आत घेणाऱ्या तोंडावर पत्रा मारलेला असतो. उडत्या काळातले फोटो शोधा. एकाच विमानाचे, एकाच वर्षाच्या आसपासचे सात-आठ फोटो पुरतात. नाशिकजवळच्या ओझरला, जिथे विमानांचा सरकारी कारखाना आहे, विमानतळाच्या कुंपणाशी कॅमेरा घेऊन उभं राहण्याच्या फंदात पडू नये. तो संरक्षणाचा परिसर आहे, फोटोला बंदी आहे.

आता रचनेकडे. मिगच्या पंखाच्या पुढच्या कडेचा मागे झुकलेला कोन ५७ अंश, मिराजचा ५८. कागदावर जवळजवळ तोच त्रिकोण. म्हणून लोक दोघांनाही 'डेल्टा' म्हणून एका पोत्यात टाकतात. मी दोन्ही पंख मिलिमीटरच्या आलेख कागदावर गिरवले, धडाखाली झाकला जाणारा भागही रेघा वाढवून धरला, आणि चौकोन मोजले. मिगचे ४३ चौरस सेंटिमीटर आले, मिराजचे ७८. खऱ्या विमानांचं क्षेत्रफळ २३ आणि ४१ चौरस मीटर. ७२ च्या वर्गाने, म्हणजे ५,१८४ ने भागलं की ४४ आणि ७९ येतात. पेन्सिलीची जाडी धरता हिशोब बरोबर आहे. साध्या, बाहेर फार काही न टांगलेल्या उड्डाणाला मिगचं वजन पावणेनऊ टनांच्या आसपास, मिराजचं साडेदहाच्या आसपास. म्हणजे मिगच्या पंखाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ३८० किलो आणि मिराजच्या पंखावर सुमारे २६०. वजन वीस टक्क्यांनी जास्त, पंख पाऊणपटीहून जास्त मोठा. मिराज वळणात सहज का शिरतं आणि मिग उतरताना इतकं वेगात का येतं, याचं अर्धं उत्तर त्या कागदावर आहे. कात्री लावण्याआधी हा उद्योग जरूर करा, तासभर पुरतो.

उरलेलं अर्धं उत्तर शेपटीत आहे. मिगला मागे वेगळी आडवी शेपूट आहे, सबंध फिरणारी. म्हणून त्याच्या पंखाला फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली करून उचल वाढवणाऱ्या पट्ट्या, लावता आले. फ्लॅप खाली केले की नाक खाली जायला बघतं, ते शेपूट सावरून धरते. बिसमध्ये तर त्या फ्लॅपवरून इंजिनातली हवा फुंकतात. मिराजला आडवी शेपूटच नाही. पंखाच्या मागच्या सगळ्या कडेला एलेव्हॉन नावाच्या हलत्या पट्ट्या, तेच वर-खाली नेतात आणि तेच कुशीवर वळवतात. तिथे फ्लॅप लावला तर नाक सावरणार कोण? जुन्या मिराज ३ ची हीच दुखरी बाजू होती : नाक उचलायला एलेव्हॉन वर करायचे, म्हणजे नेमकी उचल हवी असते तेव्हा पंखाची थोडी उचल आपणच मारायची. मिराज २००० मध्ये गुरुत्वमध्य मुद्दाम मागे नेला, विमान मुळातच थोडं अस्थिर केलं आणि तोल संगणकावर सोपवला. ते पहिल्यांदा उडालं १० मार्च १९७८ ला. मिगची मंडळी १९५५ मध्येच जवळपास एकाच धडावर मागे झुकलेले पंख आणि त्रिकोणी पंख असे दोन्ही लावून उडवून बघत होती. त्रिकोण जिंकला, कारण पातळ असूनही तो ताठ राहतो आणि हलका बनतो. उडताना तोल सांभाळणारा संगणक त्या काळी नव्हता, म्हणून शेपूट राहिली.

प्रत्यक्ष काम दिवाळीनंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस, मिगपासून सुरू केलं. स्प्रूची फ्रेम, म्हणजे सुटे तुकडे जिला जोडून येतात ती प्लॅस्टिकची चौकट, आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतली. साच्यातून सुटायला लावलेलं तेल राहिलं तर रंग सोलून निघतो. तुकडे निपरने दोनदा कापायचे : आधी अर्धा सेंटिमीटर लांबून, मग लगत. थेट लगत कापलं की प्लॅस्टिक फाटून तुकड्यात पांढरा खड्डा पडतो. उरलेला अंकुर वॉटर पेपरने घासायचा, ४०० नंबर, मग ८००.

कॉकपिटचा निळा-हिरवा रंग ही सोव्हिएत विमानांची खूण. त्यावर काळी पॅनेलं, मग पातळ केलेल्या गडद तपकिरी तैलरंगाचा एक ओघळ. १/७२ मध्ये झाकण बंद ठेवणार असाल तर याहून जास्त वेळ घालवू नका. दोन संध्याकाळी पुरे.

नाकाचं वजन ही मिगमधली पहिली अडचण. मॉडेल पोकळ असल्याने शेपटीकडे बसतं. वजन नाकात ठेवावं म्हणाल तर नाक म्हणजे भोक. हवा तिथूनच आत जाते, मध्ये रडारचा शंकू, आणि आतला बोगदा दोन फाटे होऊन कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी मागे जातो. खऱ्या विमानाचीही हीच कोंडी होती : मोठं रडार म्हणजे मोठा शंकू, मोठा शंकू म्हणजे मोठं तोंड. पहिल्या मिगांचं निमुळतं नाक पुढच्या आवृत्त्यांत फुगलं ते याच कारणाने, आणि तरी रडारला जागा बेताचीच मिळाली. मिराजची तोंडं दोन्ही कुशीला आहेत, नाक संपूर्ण रडारला मोकळं. त्या तोंडांतल्या सरकत्या अर्धशंकूंना फ्रेंच 'सुरी' म्हणजे उंदीर म्हणतात. मॉडेलमध्ये ते खरंच बिळातून डोकावणाऱ्या उंदरासारखे दिसतात.

वजनाचं असं करा. सगळं न चिकटवता टेपने बांधा, मुख्य चाकांच्या रेषेखाली आडवी पेन्सिल ठेवा, आणि नाकावर शिशाच्या गोळ्या टेकवत जा. नाक खाली गेलं की थांबा, त्यावर आणखी एक ग्रॅम घाला. माझ्या मिगला पाच ग्रॅम लागले : अडीच शंकूच्या पोकळीत, बाकी कॉकपिटच्या फरशीखाली. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिशाच्या बारीक गोळ्या मिळतात. त्या फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात भरू नका. शिसं आणि तो गोंद यांची हळूहळू प्रक्रिया होते, मिश्रण फुगतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी बंद केलेलं धड शिवणीवर उकलतं. इपॉक्सी किंवा सुपरग्लू वापरा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

धड जोडायला पातळ द्रव सिमेंट. दोन्ही भाग आधी घट्ट धरायचे, मग ब्रशचं टोक सांध्याला टेकवायचं, द्रव आपोआप आत पळतो. पाच-सहा सेकंदांनी जरा दाबलं की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक सरी वर येते. ती येऊ द्या, पुसू नका. दोन दिवसांनी घासली की सांधा लांबी (पुट्टी) न भरताच बुजतो. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. मी खालच्या शिवणीला एकाच रात्रीत पेपर लावला, आठवड्याने तिथे रेघ खचलेली दिसली. सिमेंट सुकताना प्लॅस्टिक आक्रसत असतं. परत भरून परत घासलं, पाच दिवस गेले. घासताना पुसलेल्या पॅनेल रेषा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, जाड लेबल टेप कडेला धरून सुईने पुन्हा ओढाव्या लागतात : हलक्या हाताने पाच-सहा वेळा, एका जोरात नाही.

मिगचे पंख धडाच्या मध्यावर सरळ येऊन टेकतात, सांधा साधा, लांबीसुद्धा लागली नाही. फक्त ते दोन अंश खाली झुकलेले असतात. पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावर रात्रभर टेकवून ठेवा, डोळ्याने धरलं तर एक पंख हमखास आडवा राहतो. पंख इतका पातळ की खऱ्या विमानात चाक त्यात मावत नाही. पाय पंखात दुमडतो, पण चाक पायाभोवती फिरून धडात उभं शिरतं. पंखाच्या वर धडाला जो फुगवटा दिसतो तो त्याच चाकाचा. तो घासून सपाट करू नका, ती साच्यातली चूक नाही. चाकांची दारं लावतानाही हे लक्षात असलं की नकाशा उलगडतो : पायाचं दार पंखाला, चाकाचं दार धडाला.

मला बायसन करायचं होतं, म्हणजे सुधारित बिस. ओझरला ज्या आवाराने परवान्यावर मिग-२१ बांधली, तिथेच हे नूतनीकरणही झालं. बायसनची ठळक खूण म्हणजे पुढची काच सलग. बिसच्या काचेला मध्ये चौकट असते. चौकटीचे उंचवटे ८०० ने घासले, मग १५००, मग २०००, सगळं ओलं करून, मग गाडीच्या पॉलिशिंग कंपाउंडने, शेवटी ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक लेपाचा, पातळ हात. सपाट काचेचे कोपरे नुसते गोल होतात, पूर्ण बायसनचा आकार येत नाही. एक फुटावरून चालतं, जवळून जाणकार ओळखेल. पहिली काच मात्र वाया गेली. पॉलिश झाल्यावर घाईत सुपरग्लूने बसवली आणि सकाळी आतून पांढरं धुकं. सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते. काचेला नेहमी फेविकॉल. सुकला की पारदर्शक होतो, सांडला तर ओल्या काडीने पुसता येतो. मला दुसरी काच एका जुन्या, अर्धवट राहिलेल्या कीटमधून मिळाली, नाहीतर तिथेच घोडं अडलं असतं.

नाकावरची लांब पिटोट नळी (हवेतला वेग मोजणारी) बिसमध्ये वरच्या बाजूला, किंचित उजवीकडे असते. कीटमधली जाड आणि वाकडी निघते आणि पहिल्या आठवड्यात मोडते. औषधाच्या दुकानातून इंजेक्शनच्या दोन सुया घ्या : २३ गेज आणि ३० गेज. बारीक सुई जाड सुईच्या पोकळीत नेमकी सरकते, दोन टप्प्यांची नळी तयार. निपरने कापू नका, तोंड चेपतं. कानशीच्या कडेने गोल फिरवत खाच पाडा आणि मोडा. ही नळी सगळ्यात शेवटी लावायची. मी रंगाच्या आधी लावली आणि त्याच दिवशी बोटात घुसली.

नोव्हेंबरच्या मध्यावर मिराज हातात घेतलं. इथे अडचणी नेमक्या उलट जागी. नाकात वजनाला हवी तेवढी जागा, तीन ग्रॅममध्ये काम झालं. कुशीची तोंडं आतून घासणं मात्र जिवावर येतं. बोगद्यातली शिवण दिसते आणि तिथे बोट पोचत नाही. आइस्क्रीमच्या काडीचं टोक निमुळतं करून त्याला पेपर चिकटवला, आत पांढरा रंग ड्रॉपरने ओतला, विमान गोल फिरवलं आणि जास्तीचा रंग उलटा करून काढून टाकला. तीन वेळा केलं की शिवण बुजते.

खरी लढाई पंखाच्या मुळाशी. मिराजचा पंख खालून आहे. खालचा भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, वरचे दोन भाग त्याला चिकटवून सगळं धडाखाली बसवायचं. माझ्या कीटमध्ये डावीकडे अर्धा मिलिमीटर फट आणि उजवीकडे पंख धडाच्या वर डोकावत होता. फट दिसली की लांबी भरायचा मोह होतो. भरू नका. अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानात ३६ मिलिमीटर, आणि घासताना शेजारच्या सगळ्या पॅनेल रेषा जातील. त्याऐवजी धडाच्या आत स्प्रूचा तुकडा आडवा घालून धड फाकवायचं. तुकडा थोडा लांब कापा आणि फट मिटेपर्यंत घासत, पुन्हा पुन्हा घालून बघा. माझा २१.५ मिलिमीटरवर बसला. डोकावणाऱ्या बाजूला पंखाच्या आतली टेकण्याची कड ०.३ ने घासली. मग लांबी फक्त मागच्या दोन सेंटिमीटरला लागली. ही सगळी कोरडी जुळवणी चार संध्याकाळी चालली, आणि चिकटवायला दहा मिनिटं.

काम करताना मिगशी तुलना आपोआप होते. मिराजचा पंखही जाडीच्या टक्केवारीत पातळच, पण मुळाशी त्याची लांबी एवढी की प्रत्यक्षात खोली मिळते, पोटात इंधन मावतं, आणि मुख्य पाय आतल्या बाजूला सरळ दुमडून जातात, मिगसारखी चाक फिरवण्याची कसरत नाही. पुढच्या पायाला मिगचं एक चाक, मिराजची दोन. काचेच्या पुढे उजवीकडे हवेत इंधन घेण्याची नळी. मिगला ती नाहीच, त्याची सगळी भिस्त पोटाखालच्या टाकीवर. आणि उभ्या मिराजचे एलेव्हॉन बरेचदा खाली लोंबलेले असतात, हायड्रॉलिकचा दाब उतरल्यावर. कीटमध्ये ते पंखाशी सरळ येतात. सुरीने रेघ खोल करून दहा-पंधरा अंश खाली वाकवले की मॉडेल एकदम खरं वाटायला लागतं. दोन्ही बाजू सारख्या असू द्या.

रंगाला एअरब्रश. ०.३ नॉझलचा, दुहेरी बटणाचा, छोट्या कॉम्प्रेसरसकट ७,२०० ला पडला, हाच खर्चातला मोठा घास. अॅक्रिलिक रंग आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये पातळ करून, एक भाग रंग आणि दीड भाग अल्कोहोल, १५ ते १८ पीएसआय दाबावर, तीन-चार इंचांवरून. लांबून मारलं तर रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर नळी धुवायला ठीक, पण मॉडेलजवळ नेऊ नका, पॉलिस्टायरिन विरघळतं. तोंडाला मास्क आणि खिडकी उघडी, याला पर्याय नाही.

आधी राखी प्रायमर. त्यात सगळी पापं दिसतात : मिगच्या पाठीवरच्या शिवणीत दोन टाचणीएवढे खड्डे, मिराजच्या शेपटीवर ओरखडा. दुरुस्त करून पुन्हा प्रायमर. मग करडा. बाटलीतला 'बरोबर' रंग तसाच मारू नये, छोट्या मॉडेलवर तो काळवंडलेला दिसतो. मी दहा भागांना एक भाग पांढरा घातला. फोटोतला करडा दुपारच्या उन्हात वेगळा आणि ढगात वेगळा, त्यामुळे सात फोटोंचा मध्य धरला आणि कार्डावर पट्टे मारून खिडकीच्या उजेडात ताडून बघितले. डिसेंबरात नाशिकची थंडी पडल्यावर रंग सुकायला दुप्पट वेळ लागायला लागला. दोन हातांमध्ये दिवस जाऊ दिला. पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी क्लिअरचा हात सरळ सरी पडत असताना मारू नये. दमट हवेत तो दुधी होतो.

डिकॅलसाठी, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांसाठी, आधी ग्लॉसचा हात, तो टाळू नका. खरखरीत रंगावर डिकॅल लावली की खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चमक येते. माझ्या मिगच्या उजव्या पंखावर तेच झालं, कारण तिथे ग्लॉस कमी बसला होता. टाचणीने बारीक भोकं पाडून मऊ करणारं द्रावण तीन वेळा सोडलं, मग सुधारलं. भारतीय खुणांच्या डिकॅल वेगळ्या घ्याव्या लागल्या, १,१००. पाण्यात टाकण्याआधी भिंग घेऊन गोल तपासा : हिरव्याभोवती पांढरं आणि पांढऱ्याभोवती केशरी एकमध्य आहेत ना, छपाई सरकलेली नाही ना. माझ्या पानावरचे दोन गोल सरकलेले होते, ते खालच्या बाजूला वापरले. पांढरा थर पातळ असेल तर खालचा करडा त्यातून डोकावतो. अशा वेळी त्याच मापाचा पांढरा गोल आधी रंगवून घ्या.

शेवटी पॅनेल रेषांना वॉश. कीटवरची रेघ साधारण ०.२ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या विमानावर चौदा मिलिमीटरची भेग. एवढी भेग असलेलं विमान कुणी उडवणार नाही, म्हणून ती काळी करू नका. करड्यापेक्षा दोन छटा गडद, एवढंच. तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून रेघेत सोडायचा, अर्ध्या तासाने हवेच्या प्रवाहाच्या दिशेने पुसायचा. मिगच्या पोटाला जरा जास्त मळ, मिराज स्वच्छ. मग मॅट क्लिअर, मग चाकं, क्षेपणास्त्रं आणि अँटेना, आणि अगदी शेवटी सुयांची ती पिटोट नळी.

एकूण खर्च, पावत्या जोडून : दोन कीटं, टपाल आणि ड्युटी ७,८२०, डिकॅल १,१००, रंग, अल्कोहोल आणि क्लिअर २,९००, सिमेंट, लांबी, पेपर, टेप १,३००, एअरब्रश ७,२००. बेरीज २०,३२०. एअरब्रश पुढच्या मॉडेललाही चालतो, त्यामुळे दुसऱ्या खेपेला एवढा भार येत नाही. ब्रशने रंगवायचं असेल तर मिगपासून सुरुवात करा, मिराजचा सपाट मोठा पंख ब्रशच्या रेघा लपवत नाही.

पूर्ण झाल्यावर व्हर्नियर लावला. मिगचा पंखविस्तार ९९ मिलिमीटर, खरा ७.१५ मीटर, म्हणजे हिशोबाने ९९.३. मिराजचा १२६.५, हवा १२६.८. फळीवर शेजारी ठेवल्यावर मिग बाणासारखं दिसतं, मिराज पतंगासारखं. दोघांच्या मागे तो आलेख कागद लावला आहे.

ओझरला १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे तयार झालेलं तेजस मार्क १-ए पहिल्यांदा उडालं. तिसरा त्रिकोण तोच : शेपूट नाही, तोंडं कुशीला, पण पंख वर बसवलेला आणि पुढची कड मध्येच कोन बदलणारी, ३८.४ चौरस मीटर. १/७२ मध्ये कागदावर ७४ चौरस सेंटिमीटर येईल. कीट फेब्रुवारीतच मागवलं, पार्सलवर नीट 'प्लॅस्टिक मॉडेल कीट' लिहून घेतलं. आठ दिवसांपासून 'कस्टमकडे' दाखवतंय.